खाकी शर्टातला पैलवान

तुला ते सगळं खरं वाटायचं का गं, असं मला आजवर कितीतरी जणांनी विचारलं आहे. विचारताना तोंडावर जे दयाळू हसू असतं ते मला मुळीच सोसत नाही. अहो, मी तेरा-चौदा वर्षांची होते, खुळी नव्हते. टीव्हीवरची ती अमेरिकन कुस्ती ठरवून खेळतात, जिंकणारा आधीच ठरलेला असतो, पाठीत खुर्ची घालताना सपाट बाजूनं घालतात, हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. कळल्यावर मी जास्तच बघायला लागले. जिंकणाऱ्यांचं मला कौतुक नव्हतंच. दात विचकून, छाती बडवून, कॅमेऱ्यावर थुंकी उडवत ओरडणारे ते तेलकट बाप्ये बघून मला तेव्हाही शिसारी यायची. मला आवडायचे ते हरण्यासाठी ठेवलेले. त्यांना धड नाव नसायचं, वाजतगाजत येणं नसायचं, जाहिराती चालू असतानाच ते येऊन कोपऱ्यात उभे राहिलेले असायचे. पण न लागलेला ठोसा लागल्यासारखा दाखवणं, उंचावरून पाठीवर असं पडणं की बघणाऱ्याच्या मणक्यातून कळ जावी, हे सगळं काम त्यांचं. मारणारा नुसता हात फिरवतो, कुस्ती करतो तो मार खाणारा. हे वाक्य मी भूमितीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं आणि सरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

आम्ही हैदराबादला बरकतपुऱ्यात राहायचो, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर, दोन खोल्या आणि मोरी. अप्पा सिकंदराबादला एका सरकारी ऑफिसात अटेंडर होते. अटेंडर म्हणजे शिपाई. हैदराबादेत शिपायाला अटेंडर म्हणतात, एवढाच काय तो मोठेपणा. खाकी शर्ट, खाकी पँट, साहेबांच्या दाराबाहेर स्टूल. आई घरी साड्यांना पिको-फॉल करायची. तिच्या मशीनची घरघर, पाण्याच्या मोटरीचा आवाज आणि काचीगुड्याला शिरणाऱ्या गाडीचा भोंगा, या तिन्हींच्या वर टीव्हीचा आवाज ठेवावा लागे. रविवारी दुपारी कुस्ती लागायची आणि रविवारीच मटण असायचं. शेजारच्या खालाकडून शिकलेलं चिंचेचं आंबट कालवण आई करायची, भाकरी मात्र आमच्या नांदेडकडच्या ज्वारीची. अप्पा ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसत आणि पहिली घंटा झाली की त्यांचा घास हातातच राहत असे.

अप्पांना मात्र ते खरं वाटायचं. "मेला बघ तो. मान मोडली त्याची," असं ते अगदी कळवळून म्हणत. आई आतून सांगायची, "जेवा आधी. त्याचा पगार चालू हाय, तो काय मरत नसतो." घरात आईला आणि मला ठाऊक होतं, अप्पांना नव्हतं, आणि आम्ही दोघींनी न बोलता ठरवलं होतं की सांगायचं नाही. त्याला कारण होतं. एका रविवारी जाहिराती लागलेल्या असताना अप्पा आपणहून बोलले होते. "आमच्या गावच्या जत्रंत कुस्त्यांचा फड भरायचा, माय." ते मला माय म्हणत, आमच्याकडं बाप लेकीला माय म्हणतो. "हलगी आमची. माझा बाप वाजवायचा. म्या तवा अठरा वर्साचा, अंगानं चांगला भरलेला. पर आमच्या वस्तीतल्या पोराला कुणी जोड देत नव्हतं. कुस्तीत अंगाला अंग लागतंय ना." मग त्यांनी हातातल्या घासानंच टीव्हीकडं दाखवलं. "हितं बघ. कुणीबी कुणाच्याबी अंगाला झोंबतंय. कुणी कुणाला इचारत नाही." एवढं बोलून त्यांनी तो घास तोंडात घातला. आता असल्या माणसाला, हे सगळं लुटुपुटीचं आहे अप्पा, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

मी आठवीत असताना वरच्या मजल्यावर पुण्याचं एक कुटुंब राहायला आलं. काका सॉफ्टवेअरच्या कंपनीत होते, काकू घरीच असत, आणि चिन्मय माझ्या वयाचा होता. जिन्यावरून मराठी बोलणं ऐकू आलं म्हणून आईला केवढा आनंद झाला होता. पहिल्याच आठवड्यात अप्पांनी त्यांचा गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन वर चढवून दिला आणि मग ते कामच त्यांच्याकडं लागलं. चिन्मयकडं व्हिडिओ गेमचं कन्सोल होतं आणि त्यात कुस्तीचा गेम होता. मला हे कळलं त्या दिवसापासून मी शाळेतून आले की दप्तर टाकून वर. चिन्मय, आमच्याच शाळेतला, त्याच्या वर्गातला फहीम आणि मी. खाली मी पिकोच्या साड्या पोचवणारी पोरगी होते, वर मला मान होता. कुठल्या पैलवानाचा कुठला डाव, कोण कुणाचा वैरी, कोण कधी उलटला, हे त्या दोघांना ठाऊक नसायचं, मला असायचं. "मित्राला विचार," असं चिन्मय म्हणायचा तेव्हा मला ताठ बसावंसं वाटायचं. माझं नाव संघमित्रा. त्याचं मित्रा वरच झालं.

त्या खोलीची आता मला किळस येते. नुसती आठवण नव्हे, किळस. रेक्झिनचा तो सोफा घामानं मांडीला चिकटायचा. चिन्मय एका हातानं नूडल्स खायचा आणि त्याच हातानं खेळायचा, त्यामुळं रिमोटच्या बटणांच्या फटीत पिवळी राड साचलेली असायची आणि अंगठा फिरवला की ती नखात यायची. फहीम चिडला की रिमोटला लाळ लावून बटणं पुसायचा आणि तोच मला द्यायचा. मी घ्यायची. काकू मधूनच येऊन रिमोट ओल्या फडक्यानं पुसून ठेवत. कुणाचा हात लागल्यावर पुसतात, हे मी तेव्हा बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं. वर बसायला मिळत होतं ना, मग बाकी काय. गेममध्ये चिन्मयचा ठरलेला पैलवान होता, बुलडोझर बेन. गोरापान, सहा हात उंच, सोनेरी केस. त्यानं कुणाला तरी रोज तुडवायचं असे.

तुडवायला नेहमीचे पैलवान पुरेनात, तेव्हा चिन्मयनं एक नवी गंमत शोधली. त्या गेममध्ये आपला पैलवान आपण घडवू शकतो. उंची, पोट, नाक, मिशी, कपडे, चालण्याची तऱ्हा, सगळं निवडायचं. आधी आम्ही गणिताचे सर केले आणि त्यांना दोन दिवस बडवलं. मग एका दुपारी अप्पा सिलिंडर ठेवून खाली उतरले आणि त्यांची पावलं जिन्यावर वाजत असतानाच चिन्मय म्हणाला, "मित्रा, तुझे बाबा करू या?" फहीम हसला. "हौ यार, चलते कैसे, बदक के सरीका."

मी काय करायला हवं होतं ते मला आज कळतं, आणि तेव्हाही कळत होतं. मला ही सूट नको आहे की लेकरू होते. मी हसले. हसले आणि म्हणाले, "मी करते, तुम्हाला जमणार नाही." रिमोट मीच घेतला. खाकी पँट, खाकी शर्ट मी निवडला. पोट मी काढलं. मिशी मी लावली. अंगाच्या रंगाची एक पट्टी होती, गोऱ्यापासून काळ्यापर्यंत चौकोन. चिन्मय म्हणाला, "बास." मी म्हटलं, "नाही, अजून." आणि शेवटच्या चौकोनावर नेऊन थांबवलं, तेव्हा दोघं सोफ्यावर लोळून हसले. माझ्या विनोदाला त्या घरात एवढी दाद कधी मिळाली नव्हती. चाल विदूषकाची दिली. ताकद, वेग, दम, सगळं शून्यावर. नाव टाकलं अटेंडर. त्यानंतर दोन-तीन आठवडे आम्ही त्याला रोज मारला. मी त्याला कुठले डाव घातले तेही मला सांगता येतील, पण ते मी इथं लिहिणार नाही. शेण खाल्लं, एवढं लिहिलं की पुरे. मग खाली येऊन मी त्यांच्याच शेजारी बसून भाकरी खायची.

परवा फोनवर शाळेच्या ग्रुपमध्ये चिन्मयनं लिहिलं, "मित्रा, तो अटेंडर आठवतो? काय दिवस होते." पुढं हसून डोळ्यांतून पाणी काढणारी पाच तोंडं. पोटावर टाय रुळणारा माणूस आहे तो आता, स्वतःच्या मुलीच्या गाण्याचे व्हिडिओ टाकतो. मला त्याचा राग यायला हवा होता. पण शेवटच्या चौकोनावर बोट माझं होतं, त्याचं नव्हे. मी नुसता अंगठा दाखवला आणि फोन उशीखाली घातला.

तर झालं असं, की एका दुपारी आम्ही अटेंडरला नवा डाव शिकवायला म्हणून तो पैलवान घडवायच्या पडद्यावर उघडला होता आणि अप्पा सिलिंडर घेऊन आत आले. दार उघडंच होतं. टीव्हीवर तो नुसता उभा होता. त्या पडद्यावर पैलवान चालत नाही, जागच्या जागी श्वास घेत उभा राहतो. अप्पांनी खांद्यावरचा सिलिंडर हळूच खाली ठेवला आणि ते बघत राहिले. फहीमनं तोंड फिरवलं.

"ह्यो तर म्या हाय," अप्पा म्हणाले.

चिन्मय हुशार. तो पटकन म्हणाला, "हो काका, मित्रानं बनवलं तुम्हाला. तुम्हाला कुस्ती आवडते ना."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या बापाचा चेहरा मी तसा आधी बघितला नव्हता. ते टीव्हीजवळ गेले, काचेवर बोट न लावता बोट धरून एकेक दाखवत गेले. "मिशी. खिसा बी हाय. पोट बी," असं म्हणून हसले. "रंग बी बरोबर घेतलास, माय. आमचाच." मग अगदी हळू, पोरांना नाही तर मला विचारलं, "ह्याला जोड कोण देतंय?"

"बुलडोझर बेन," मी म्हटलं.

"त्यो गोरा? आणि त्यो खेळतोय माझ्यासंगं?" अप्पा म्हणाले. चिन्मयनं, लाइट कमी-जास्त होतोय काका, असं काहीतरी सांगून टीव्ही बंद केला.

त्या दिवशी अप्पांनी आईला तीनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात नरसिंहाला सांगितलं. नरसिंहा त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसणारा दुसरा अटेंडर, दिलसुखनगरला राहायचा, तेलुगू माणूस, अप्पांचा एकुलता दोस्त. त्याचा विश्वास बसला नाही. अप्पांनी त्याला रविवारी घरी बोलावलं, काकूंना विचारून ठेवलं आणि घरी येऊन मला म्हणाले, "नरसिंहाला दाखवू. एक कुस्ती लाव माझी." आईनं मशीन थांबवून माझ्याकडं बघितलं. ती माझी आई होती, तिला माझ्या तोंडावरचं वाचता यायचं.

आता हे लक्षात घ्या. तो पैलवान हरण्यासाठीच केलेला होता. त्याचं येणंच विदूषकाचं होतं. नरसिंहासमोर अप्पा सोफ्याजवळ उभे राहणार आणि त्यांच्यासमोर ते स्वतः बदकासारखे चालत येऊन पहिल्या ठोशात आडवे होणार. मला तीन रात्री झोप नीट लागली नाही. शनिवारी दुपारी मी वर गेले. चिन्मयला म्हटलं, मला तो दुरुस्त करायचाय. तो म्हणाला, "कर ना, मला काय." आणि चिप्सची पिशवी घेऊन गच्चीवर गेला. मी एकटीच बसले.

ताकद वाढवली. आधी तेवढंच करायला गेले होते. मग चाल बदलली, राजासारखी दिली. मग पोट दिसायला लागलं, ते आत घेतलं. पोट गेल्यावर खाकी शर्ट वेडाविद्रा दिसायला लागला, म्हणून तोही काढला आणि निळी चड्डी, निळे बूट चढवले. माझ्या मनात काय होतं ते मी अगदी प्रामाणिकपणे सांगते. मला त्यांची माफी मागायची होती आणि मागता येत नव्हती, म्हणून मी त्यांना चांगलं करत होते. रंगाच्या पट्टीवर आले. एक चौकोन मागं घेतला, दुसरा घेतला. बरं दिसायला लागलं. अजून घेतला. थांबले तेव्हा तो चिन्मयच्या बाबांच्या रंगाचा झाला होता. जुन्यावरच साठवू का, असं गेमनं विचारलं. मी हो दाबलं.

रविवारी नरसिंहा इस्त्रीचा शर्ट घालून, बिस्किटांचा पुडा घेऊन आला. अप्पांनी दाढी केली होती. काकूंनी दोघांना खुर्च्या दिल्या. चिन्मयनं मुद्दाम पडदे ओढले, टीव्ही चांगला दिसावा म्हणून. वाजंत्री सुरू झाली, धूर निघाला, आणि निळ्या चड्डीतला एक उंच, सपाट पोटाचा, उजळ माणूस दमदार पावलं टाकत रिंगणाकडं यायला लागला. मिशी तेवढी राहिली होती.

नरसिंहा पुढं वाकला. त्यानं एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा अप्पांकडं. "ये तुम कैसे?" तो म्हणाला. "ये तो अपने साब के सरीका दिखरा."

मी जीव तोडून खेळले. बेनला उचलून आपटला, दोरावरून उडी मारली, तीन आकडे मोजेपर्यंत दाबून धरला. चिन्मयनं मला जिंकू दिलं की काय कोण जाणे. नरसिंहानं टाळ्या वाजवल्या, भला माणूस होता. अप्पांनी मला विचारलं, "पहिला कुठंय?"

"हाच तो अप्पा. चांगला केलाय."

"चांगला केलाय," अप्पा म्हणाले आणि मान हलवली. काकूंना "येतो बाईसाहेब" म्हणाले आणि नरसिंहाला घेऊन जिना उतरून गेले.

नरसिंहा जेवून गेल्यावर मी मोरीत भांडी घासत होते. अप्पा येऊन दाराशी उभे राहिले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "माय, काळाच ठेवला असता तर काय झालं असतं? त्यो बी लढला असता की."

लढला नसता अप्पा. त्याला मी लढण्यासाठी केलाच नव्हता. हे माझ्या ओठापर्यंत आलं आणि मी राख घेऊन पातेलं घासत राहिले. मी वर जाणं सोडलं. चिन्मय दोनदा बोलवायला आला, तिसऱ्यांदा आला नाही. आईनं विचारलं, काय गं, भांडण झालं का, मी म्हटलं, कंटाळा आला. टीव्हीवरची कुस्तीही मला बघवेना. मार खाणाऱ्यांची कला वगैरे मी जे वहीत लिहिलं होतं, ते वाचून मला स्वतःचीच ओकारी आली, आणि ते पान मी फाडून टाकलं.

अप्पा आता ऐंशीला आले आहेत. माझ्याकडंच असतात. गुडघे गेलेत, कानाला कमी येतं, पण कुणी नवं माणूस घरात आलं की ही गोष्ट ठरलेली. परवा माझ्या मुलीच्या मैत्रिणी आल्या होत्या, त्यांना सांगत होते. "हिच्या आईनं मला गेममदी घातला होता. पैलवान. खाकी शर्ट, पोट, रंग, समदं हुबेहूब. त्या गोऱ्याला जोड होतो म्या. मंग वरच्या पोरांनी नावं ठेवली, तवा लेकराला पुसाया लागलं. लेकरू काय करणार." ही सबब त्यांनी माझ्यासाठी कधी शोधली ते मला ठाऊक नाही. मी त्यांना ती कधी दिलेली नाही. मी तिथंच खाली बसून मेथी निवडत होते. ज्याचं ते कौतुक करतात तो त्यांना तुडवायला केलेला होता, आणि पुसायला मला कुणीही लावलं नव्हतं, ही दोन्ही वाक्यं इतकी वर्षं माझ्या पोटात तशीच आहेत.

मुलगी माझ्याकडं वळून म्हणाली, "खरंच का गं आई? अगदी हुबेहूब होते?"

"हो," मी म्हटलं. "हुबेहूब."